परभणीच्या पर्यटनाची वाट पाण्याकडून जाते

परभणी जंक्शनवर रोज उतरणाऱ्या प्रवाशांत बाहेरगावच्या भाविकांची संख्या मोठी असते. कोणी नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबला निघालेला असतो, कोणी परळी वैजनाथला, कोणी औंढा नागनाथला. दोन ज्योतिर्लिंगे आणि शिखांचे एक तख्त यांच्या मधोमध हा जिल्हा आहे. तरीही इथे माणसे गाडी बदलतात आणि पुढे जातात, कारण परभणीत पाहण्यासारखे काही नाही असे त्यांना वाटते. वाईट याचे वाटते की परभणीकरांनाही तसेच वाटते. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, औंढा आणि नामदेवांची नर्सी तिकडे गेली, आणि आपल्याकडे आता दाखवायला काही उरले नाही ही समजूत पक्की झाली. ही समजूत चुकीची आहे. गर्दी खेचणारे एक मोठे नाव आपण शोधत बसलो आहोत आणि जिल्ह्याची खरी मिळकत नजरेआड करत आहोत. ही मिळकत म्हणजे पाणी आणि पाण्याभोवती माणसाने बांधलेल्या वास्तू. बारवा, नदीपात्रातील आणि नदीकाठची मंदिरे, घाट, बेट, संगम, धरण हे सगळे या नऊ तालुक्यांत विखुरलेले आहे. ते आधी जपले, मग एका वाटेने जोडले, तर परभणीला पर्यटनासाठी दुसऱ्या कोणाच्या नावाचा आधार घ्यावा लागणार नाही.

सुरुवात सेलू तालुक्यातील वालूरपासून करावी. वाल्मिकी ऋषींशी नाते सांगणाऱ्या या जुन्या गावात अनेक बारवा आहेत, पण त्यांतील एक अगदी वेगळी आहे. नेहमीच्या बारवेत पायऱ्या एका, दोन किंवा चार बाजूंनी सरळ खाली उतरतात. वालूरच्या या बारवेत त्या वळण घेत, गोलाकार फिरत विहिरीच्या पोटात जातात. वरून पाहिले की दगडाचे वेटोळे पडल्यासारखे दिसते. अशी रचना महाराष्ट्रात फारच दुर्मीळ आहे. ही बारव कित्येक वर्षे गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती, भोवती झुडपे माजली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. गाळ निघाला, पायऱ्या दिसू लागल्या, बारवेत पुन्हा पाणी दिसले, आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची व अभ्यासकांची पावले गावाकडे वळली. टपाल खात्याने महाराष्ट्रातील बारवांची चित्रे असलेली पोस्टकार्डे काढली, त्यांत वालूरचाही समावेश झाला. जाहिरात, प्रवेशकमान, उद्घाटनाचा मंडप यांपैकी काहीही नसताना हे घडले. आधी जतन आणि मागाहून पाहुणे हा क्रम बरोबर असल्याचे आपल्याच जिल्ह्यातील एका गावाने दाखवून दिले आहे.

वालूर हा एकटा अपवाद नाही. परभणीहून जवळच असलेल्या पिंगळीत पिंगळेश्वराच्या मंदिराजवळ देखणी बारव आहे. परभणी तालुक्यातच आर्वीची बारव आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यात तर मंदिर, बारव आणि स्तंभ एकत्र पाहायला मिळतात. जिंतूरहून मंठ्यामार्गे जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. गोकुळेश्वराचे मंदिर, बारव, उंच कोरीव दगडी स्तंभ, गावात आणि शिवारात विखुरलेली लहानमोठी देवळे, घरांच्या भिंतींत आणि पारांवर बसवलेली शिल्पे असा हा पसारा आहे. इथे एकेकाळी तीनशे साठ मंदिरे होती, असे गावातले लोक सांगतात. हा आकडा मोजणीचा नव्हे, परंपरेचा आहे. तरी जे उरले आहे ते पाहिल्यावर यादवकाळात आणि त्याआधीही हे मोठे नांदते ठिकाण असले पाहिजे, यात शंका राहत नाही. जुन्या वास्तुग्रंथांनी बारवांचे नंदा, भद्रा, जया आणि विजया असे चार प्रकार सांगितले आहेत. एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया आणि चारही बाजूंनी उतरता येत असेल तर विजया. पाणी साठवायचे तर नुसता खड्डाही पुरला असता. पण उतरायच्या वाटा मोजून त्यांना नावे देणाऱ्या, कोनाड्यांत देवता बसवणाऱ्या आणि चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून भिंती उभ्या करणाऱ्या समाजाला पाण्याचे मोल कळत होते. टँकरची वाट पाहण्याची सवय झालेल्या आजच्या मराठवाड्याला ही गोष्ट पाठ्यपुस्तकापेक्षा चारठाण्याच्या पायरीवर उभे राहून लवकर समजेल.

आता गोदावरीकडे वळू. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे तालुके या नदीच्या काठाने वसले आहेत. पाथरी तालुक्यात मुदगल येथे मुदगलेश्वराचे मंदिर काठावर नसून थेट पात्रात आहे. पूर आला की ते पाण्याखाली जाते आणि पूर ओसरला की पुन्हा वर येते. नदीच्या मध्यात बांधकाम करून ते शतकानुशतके पुरासमोर टिकवणे ही स्थापत्याची मोठी कामगिरी आहे, आणि ती पाहण्यासाठी श्रद्धाळूच असले पाहिजे असे नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. नर्सीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई या दोघांचे नाते महाराष्ट्र जाणतो, पण पंढरपूरला जाणाऱ्या किती जणांनी गंगाखेडचा घाट पाहिला असेल? याच तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर माझ्या मते जिल्ह्यातील सर्वांत सुंदर वास्तू आहे. खाली काळ्या दगडाचे कोरीव काम, त्यावर विटांचे शिखर, बाह्यभिंतीवर सुरसुंदरी आणि विष्णूची रूपे. दगडी मंदिरावर विटांचे शिखर असे जोडकाम आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. हे मंदिर वर्षानुवर्षे खचत होते, दगड सुटत होते, शिखरात झाडे रुजत होती. ग्रामस्थांनी आणि इतिहासप्रेमींनी दीर्घकाळ आवाज उठवल्यानंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जतनाचे काम हाती घेतले. ते काम उरकण्याची घाई करू नये. चांगले होऊ द्यावे, पण मध्येच थांबूही देऊ नये. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे, गर्द झाडीचे नैसर्गिक बेट. मराठवाडा म्हणजे करपलेले माळरान हे ज्यांच्या डोक्यात बसले आहे, त्यांनी पावसाळ्यानंतर हे बेट पाहावे. पुढे पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ पूर्णा नदी गोदावरीला मिळते. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस या उच्च पातळी बंधाऱ्यांमुळे आता पावसाळ्यानंतरही पात्रात लांबवर पाणी राहते. पूर्वी जी नदी हिवाळ्यातच वाळूची पट्टी होत असे, तिच्यात आज नाव चालू शकते.

उत्तरेकडे जिंतूर तालुक्यात भूगोलच बदलतो. अजिंठ्याच्या डोंगररांगांतून आलेल्या पूर्णा नदीवर येलदरीचे धरण 1968 साली पूर्ण झाले. 934 दशलक्ष घनमीटर साठवणक्षमतेच्या या जलाशयाने परभणी शहराची तहान भागवली, त्याच्या पायथ्याशी 22.5 मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि पूर्णा प्रकल्पाने तीन जिल्ह्यांच्या शेतीचा चेहरा पालटला. धरणाकडे आपण पाणीसाठ्याची टक्केवारी वाचण्यापुरतेच पाहतो. पण वालूरच्या बारवेपासून येलदरीच्या भिंतीपर्यंतचा प्रवास म्हणजे याच भूमीतील पाणी साठवण्याच्या विद्येचा काही शतकांचा इतिहास आहे, आणि तो एका दिवसात पाहता येतो. जिंतूर शहराजवळच नेमगिरीची दिगंबर जैन लेणी आहेत. आत जाण्याच्या वाटा इतक्या अरुंद की वाकल्याशिवाय प्रवेश नाही, आणि आत नेमिनाथ, शांतिनाथ यांच्या भव्य मूर्ती. पार्श्वनाथाच्या मूर्तीखालचा आधाराचा दगड इतका लहान आहे की ती अधांतरी असल्याचा भास होतो. देशभरातील जैन यात्रेकरूंना हे क्षेत्र माहीत आहे. शेजारच्या जिल्ह्यांतील मराठी माणसाला ते बहुधा माहीत नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. छत्रपती संभाजीनगरात अजिंठा आणि वेरूळ असताना वालूर-चारठाण्याला कोण येणार? हा प्रश्न चुकीच्या तुलनेतून येतो. जागतिक कीर्तीच्या लेण्यांशी स्पर्धा करायला परभणीला कोणी सांगितलेले नाही. जिथे माणसे आधीच येत आहेत, तिथून ती एक दिवस जास्त थांबली तरी जिल्ह्याचे काम भागते, आणि औंढा-परळी-नांदेड या त्रिकोणात येणाऱ्या माणसांची इथे कमतरता नाही. शिवाय पाण्याच्या वास्तूंना जगात मान नाही असेही नाही. गुजरातमधील पाटणची राणी की वाव 2014 साली जागतिक वारसा यादीत गेली आणि 2018 पासून शंभर रुपयांच्या नव्या नोटेवर आहे. मुळात तीही एक पायऱ्यांची विहीरच, आणि शतकानुशतके गाळाखाली गाडलेली. चीनच्या सिचुआन प्रांतातील दुजियांगयानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तिथे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने मिन नदी न अडवता, पात्रात बांध घालून तिचा प्रवाह विभागला आणि पुराचे पाणी शेतीकडे वळवले. ती योजना आजही चेंगदूच्या मैदानाला पाणी देते. 2000 साली ती जागतिक वारसा ठरली. ती पाहायला येणारा माणूस मृत अवशेष पाहत नाही, चालू पाटबंधारे पाहतो. तिथला परिसर दरवर्षी नदीत पाणी सोडण्याचा उत्सव साजरा करतो आणि तो उत्सवही पाहुण्यांचे आकर्षण ठरला आहे. आपल्या बारवांची भव्यता दुजियांगयानची नाही, हे उघड आहे. पण वास्तू वापरात राहिली तर ती टिकते आणि पाहणाऱ्यालाही अधिक सांगते, हे तत्त्व वालूरलाही तितकेच लागू पडते.

दुसरा आक्षेप पाथरीवरून येतो. एवढे सगळे कशाला, साईबाबांचे जन्मस्थान विकसित केले की पुरे, असे म्हणणारे बरेच आहेत. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांचा आराखडा बोलून दाखवला आणि शिर्डीत बंद पुकारला गेला, हे सर्वांना आठवत असेल. जन्मस्थानाचा वाद श्रद्धेचा आहे. तो शासनाच्या घोषणेने सुटणार नाही आणि शिर्डीच्या बंदनेही नाही. पाथरीत मंदिर आहे, भाविक येतात, त्यांच्यासाठी रस्ते, निवास आणि स्वच्छतागृहे झालीच पाहिजेत. पण एका गावाचे भवितव्य एकाच वादग्रस्त दाव्यावर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही, विशेषतः त्या गावाकडे निर्विवाद इतिहास असताना. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीचे. संस्थापक अहमद निजामशहाचा पिता मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळात जन्मलेला. पूर्वजांचे हे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्ध केले आणि 1518 साली पाथरी घेतली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एका सरकारचे मुख्य ठाणे होते. ज्या गावासाठी दोन शाह्या लढल्या, त्या गावात ही हकिकत सांगणारा एखादा ठळक फलक लावायला शंभर कोटी लागत नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. देऊळ गावाचे, श्रद्धा गावाची, मग ते रंगवायचे की फरशी बसवायची हे ठरवणारे बाहेरचे कोण? गावाचा अधिकार मला मान्य आहे. गावाने देऊळ वापरले, दिवा लावला, जत्रा भरवली म्हणूनच ही देवळे सातशे-आठशे वर्षे उभी राहिली. जिथे पूजा थांबली तिथे दगड चोरीला गेले. पण मराठवाड्यात गेल्या काही दशकांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे झाले, त्याने नुकसानच अधिक केले आहे. कोरीव खांबांवर ऑइलपेंटचे थर चढले की दगडाला श्वास घेता येत नाही, आत साचलेला ओलावा त्याला आतून खातो. जुन्या मंडपावर सिमेंटचा स्लॅब ओतला की त्याचे वजन पायाला पेलत नाही. गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसवल्या की पाणी मुरायची वाट बंद होते आणि ते भिंतीत चढते. हे सारे श्रद्धेपोटी, लोकवर्गणीतून किंवा आमदार-खासदार निधीतून होते. हेतूबद्दल शंका नाही. पण देवाला जुने घर आवडत नाही असे कोणत्याही परंपरेने सांगितलेले नाही. गावाने वर्गणी काढावी, काम करावे, फक्त दगडाला हात लावण्याआधी दगड जाणणाऱ्याला विचारावे, एवढीच ही विनंती आहे. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा 1960 चा आहे, आणि ज्या वास्तू संरक्षित आहेत त्यांना तो लागू होतो. अडचण अशी की बहुतेक बारवा आणि लहान देवळे कोणत्याच यादीत नाहीत. जे यादीत नाही त्याचे रक्षण करणे हे कोणाचेच काम नसते.

शेतकरी आत्महत्या करत असताना पर्यटनावर पैसा का घालवावा, असेही विचारले जाते. हा प्रश्न ज्या कळकळीने येतो, त्याचा आदर करूनच उत्तर द्यायला हवे. पर्यटन शेतीची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण बारवेतला गाळ काढणे हा पर्यटनाचा खर्च आहे की पाण्याचा? रोजगार हमीच्या जिल्ह्यात हाताला काम, विहिरीला पाणी आणि गावाला पाहुणा या तिन्ही गोष्टी त्यातून होत असतील तर तो खर्च शेतीच्या विरोधात जात नाही. परभणीकडे आणखी एक बळ आहे. 1972 साली स्थापन झालेले, आता वसंतराव नाईक यांचे नाव असलेले मराठवाडा कृषी विद्यापीठ इथेच आहे. परभणी मोती आणि परभणी शक्ती ही ज्वारी, परभणी क्रांती ही भेंडी देशात या गावाच्या नावाने ओळखली जाते. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यावर येते तेव्हा शहरातील माणसे हुरडा खायला कुठे कुठे जातात. सकाळी वालूरची बारव, दुपारी सेलूच्या शिवारात हुरडा, संध्याकाळी परत परभणी, असा दिवस आखला तर शेतकऱ्याच्या घरात थेट पैसा जाईल. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. त्याचा लाभ पुणे-नाशिकच्या पट्ट्यालाच व्हावा असे कुठे लिहिलेले नाही.

मग करायचे काय? सर्वांत आधी नोंद. प्रत्येक तालुक्यातील बारवा, मंदिरे, मूर्ती, वीरगळ, शिलालेख यांची छायाचित्रांसह यादी करावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये जिल्ह्यात जागोजाग आहेत. त्यांच्या इतिहास आणि भूगोल विभागांनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून, पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली हे काम केले तर दोन-तीन वर्षांत ते पूर्ण होऊ शकते. महत्त्वाच्या बारवांना राज्य संरक्षणाचा दर्जा मिळावा म्हणून जिल्हा परिषदेने प्रस्ताव पाठवावेत. ‘ब’ वर्ग तीर्थक्षेत्राचा निधी येतो तेव्हा तो भक्तनिवास आणि सभामंडपातच संपतो. त्यातला ठरावीक हिस्सा मूळ वास्तूच्या जतनासाठी राखून ठेवावा. एसटीने परभणी बसस्थानकातून शनिवार-रविवारी दोन फेऱ्या सुरू कराव्यात, एक पिंगळी-गंगाखेड-धारासूरची आणि एक वालूर-चारठाणा-नेमगिरी-येलदरीची. रेल्वेने येणाऱ्याला आज यातील बहुतेक ठिकाणे खासगी गाडी केल्याशिवाय सहज गाठता येत नाहीत. त्यामुळे पैसेवाला येतो आणि शाळेची मुले येत नाहीत. गावातल्याच तरुण-तरुणींना वाटाड्या म्हणून शिकवावे, म्हणजे तीनशे साठ मंदिरांची कथा सांगतानाच त्यांना कथा आणि पुरावा यांतला फरकही सांगता येईल. आणि गोदावरीतील बेसुमार वाळूउपसा थांबवावा. पात्र खरवडले गेले तर काठ ढासळतात, आणि काठ ढासळले तर काठावरची मंदिरे, घाट आणि जांभूळबेट यांपैकी काहीही सुरक्षित राहणार नाही. नदी राखल्याशिवाय नदीकाठचे पर्यटन ही नुसती घोषणा ठरेल.

गर्दी झाली की वालूरचीही घाण होईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच रस्ता रुंद करण्याआधी कचरापेटी, स्वच्छतागृह आणि राखणदार हवा. बारवेत उतरण्याचे नियम ग्रामसभेने ठरवावेत आणि येणाऱ्याने ते पाळावेत. प्रवेशासाठी अल्प शुल्क घेऊन ते त्याच वास्तूच्या देखभालीवर खर्च करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला द्यावा.

पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या प्रवासासाठी उत्तम. जिल्ह्यातील शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझे आवाहन आहे की यंदाची सहल दूरच्या ठिकाणी नेण्याआधी एक दिवस वालूर, चारठाणा आणि येलदरीला द्यावा. आणि ज्या गावांच्या ग्रामसभेपुढे जुन्या देवळाला रंग देण्याचा किंवा बारव बुजवून वर सभागृह बांधण्याचा ठराव येईल, त्यांनी तो मंजूर करण्याआधी पुरातत्त्व विभागाला एक पत्र पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवावे.